यामामोतोचं वाक्य, आणि वेस्ट व्हर्जिनियावरचं कॅलेंडर

माझ्या लेखावरची तुमची कमेंट वाचून आधी रागच आला, खरं सांगते. मग परत नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की 2001 च्या 'पर्ल हार्बर' या पिक्चरला मी खोटा म्हणून झोडपलं आणि 1970 च्या 'तोरा! तोरा! तोरा!'ला डोक्यावर घेतलं, पण त्यात शेवटी जपानी अॅडमिरल यामामोतोच्या तोंडी असलेलं ते झोपलेल्या राक्षसाला जागं केल्याचं वाक्य मी खुशाल इतिहास म्हणून छापलं. आणि दुसरं म्हणजे पिक्चर हा पिक्चर असतो, लव्हस्टोरीच्या निमित्ताने का होईना 7 डिसेंबर 1941 ला जपानने हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर केलेला हल्ला लोकांना कळला की.

पहिलं शंभर टक्के मान्य. यामामोतो असं बोलल्याचा किंवा त्याने असं लिहिल्याचा काही पुरावा नाही. चूक माझी, लेखात दुरुस्त केलीय. आणि ही चूक मला जास्त लागली, कारण लव्हस्टोरी बनवलेली आहे हे बघणाऱ्याला कळतं तरी, असं वाक्य मात्र खरं म्हणूनच डोक्यात बसतं.

दुसरं मात्र नाही पटत. प्रेम दाखवू नये असं माझं म्हणणंच नाही, पण त्या एका सकाळीच इतकं काही घडलंय की बाहेरून काही आणायची गरजच नव्हती. पहाटे बंदराच्या तोंडाशी 'वॉर्ड' या अमेरिकन युद्धनौकेने एक छोटी जपानी पाणबुडी बुडवली, वर कळवलं, पण तिथे खात्री करण्यातच वेळ गेला. 7 वाजून 2 मिनिटांनी तिथल्याच ओपाना या ठिकाणच्या रडारवर दोन पोरांना विमानांचा भलामोठा थवा दिसला, त्यांनी फोन केला, तर पलीकडचा लेफ्टनंट म्हणाला काळजी करू नका, कारण कॅलिफोर्नियाहून आपलीच बी-17 बॉम्बर विमानं यायची होती, आणि ती खरंच यायची होती हो! घातपात होईल या भीतीने विमानं पंखाला पंख लावून उभी केलेली, म्हणजे वरून टिपायला आयतीच. वॉशिंग्टनहून अमेरिकेचा लष्करप्रमुख जनरल मार्शलचा इशारा निघाला तो साध्या तारेने, पोचला हल्ला होऊन गेल्यावर. 'तोरा'मध्ये हे सगळं बघताना शेवट माहीत असूनही अरे कुणीतरी ऐका रे असं ओरडावंसं वाटतं, म्हणून मला तो पिक्चर आवडतो. 2403 माणसं गेली, त्यातली 1177 एकट्या युद्धनौका 'अ‍ॅरिझोना'वरची.

2001 च्या पिक्चरने डोरिस मिलर या नौसैनिकाला जागा दिली हा तुमचा मुद्दा चांगला आहे, तो मी लिहायलाच हवा होता. काळा म्हणून मेसमधलंच काम दिलेलं, त्या सकाळी तो धुवायचे कपडे गोळा करत होता, विमानविरोधी मशीनगनचं ट्रेनिंगच नाही, तरी जखमींना उचलून नेलं आणि मग गन चालवली. नेव्ही क्रॉस हे अमेरिकन नौदलाचं शौर्यपदक मिळवणारा पहिला काळा माणूस, आणि 1943 च्या नोव्हेंबरात त्याची नंतरची बोट 'लिस्कम बे' बुडाली तेव्हा गेला.

पण मिलर ज्या बोटीवर होता ना, 'वेस्ट व्हर्जिनिया', ती तळाला टेकून बसली आणि आतून ठोकल्याचे आवाज यायला लागले. 'ओक्लाहोमा' उलटी झाली होती, तिचा तळ कापून 32 जण जिवंत काढता आले. इथे मात्र अडकलेले पाण्याखाली, कापायला गेलं तर पाणीच आत घुसणार. पहाऱ्यावरची मुलं रात्री कान झाकून घ्यायची. 1942 मध्ये बोट वर काढली तेव्हा एका कोरड्या कप्प्यात तिघांचे मृतदेह मिळाले आणि एक कॅलेंडर, त्यावर लाल पेन्सिलीने 16 दिवस खोडलेले, शेवटची खूण 23 डिसेंबरची.

मिलरसाठी कॅमेरा त्याच बोटीवर गेला होता. तीन तासांच्या पिक्चरमधली पाच मिनिटं त्या कप्प्याला मिळाली असती तर मी लेखात एक शब्दही वाईट लिहिला नसता.