गुळव्याचा 'अंदाज'

गुळावरच्या लेखातलं "गुळव्या अंदाजानं काहील उतरवतो, थर्मामीटर लावला की प्रश्न मिटेल" हे वाक्य खटकलं. गुळव्या म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, काहील म्हणजे रस उकळायची मोठी कढई. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ होतं, चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, उसाची चिपाडं सारतच मी मोठा झालो. 118 अंश सेल्सिअसच्या आसपास गूळ होतो हे खरं, पण प्रत्येक रस सारखा नसतो. खोडव्याचा (तोडलेल्या उसाच्या फुटव्याचा) वेगळा, आडसालीचा (दीड वर्षाच्या उसाचा) वेगळा. क्षारपड रानातल्या उसाचा गूळ तर खारट लागतो, ढेपही नीट धरत नाही. आमचा गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायचा आणि काहिलीच्या कडेवर आपटायचा. टणकन वाजली की "उतरा!" नुसते बुडबुडे बघून मला ओरडायचा, "जाळ कमी कर रे पोरा!" याला अंदाज म्हणायचं?

आणि पिवळाधमक गूळ म्हणजे शुद्ध, हे तर त्या लेखात उलटंच लिहिलंय. भेंडीच्या रसानं उसाच्या रसातली मळी (घाण) निघते, पण तेवढ्यानं लिंबासारखा पिवळा रंग येत नाही. तो बहुतेकदा हायड्रॉस पावडरीचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाचा. तांबूस ढेपेला सौद्यात कमी भाव मिळतो म्हणून एक हंगाम आम्हीही ती टाकली, खोटं कशाला बोलू.