चि. सौ. कां. टोपली

एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला कागदाचं भय नसतं. परतवाडा-अमरावतीच्या खच्चून भरलेल्या गाडीत, काखेत तिकिटांचा ट्रे धरून, मी उभी हयात कागद फाडत आणि पंचनं भोकं पाडत काढली. कागदानं कधी उलट उत्तर दिलं नाही. पण तो फाडायचा कागद होता. विणायच्या कागदाशी गाठ पडली ती निवृत्तीनंतर, नातवापायी.

नातू गावाबाहेरच्या कॉन्व्हेंटात दुसरीला आहे. आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. तिथं नन नसल्या तरी चालतं, टाय लागतो. तर बुधवारी रात्री सूनबाईच्या मोबाइलवर मॅडमचा मेसेज आला : शनिवारी प्रत्येक मुलानं घरी विणलेली कागदी ईस्टर बास्केट आणावी, पालकांची मदत चालेल. हे ‘चालेल’ मी चांगलं ओळखून आहे. पालक करतील आणि मुलगा फोटोत धरेल, असा त्याचा हिशेब. त्यातले पालक म्हणजे माझा मुलगा हरभरा घेऊन बाजार समितीत मुक्कामाला, आणि सूनबाई कुरडयांच्या चिकात कोपरापर्यंत. उरलो मी आणि आमची सौ.

सौ.ला आधी हा सण कोणाचा आणि कधीचा ते हवं होतं. नातवानं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं : 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. सौ. खूश. “म्हंजे त्याइचंही पौर्णिमेवरच चालते म्हना की!” यंदा हनुमान जयंती 2 एप्रिलला आणि ईस्टर 5 ला. एवढं जमल्यावर तिनं ईस्टरला घरात घेतलं. पण पुढची माहिती तिला पचली नाही. जर्मनीतून अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियात गेलेल्या लोकांनी अठराव्या शतकात ही चाल तिकडं नेली. पोरं टोपीचं घरटं करून ठेवायची आणि रात्री ससा येऊन त्यात रंगीत अंडी घालून जायचा. पुढं त्या घरट्याचीच टोपली झाली.

“ससा अंडे देते?”

“गोष्टीत देते, आजी.”

“मंग टोपलं बी गोष्टीतच करा न बाप्पा! माह्या घरात कायले पसारा?”

मोबाइलवरच्या व्हिडिओत टोपली विणून दाखवणाऱ्या बाईला जाड रंगीत कार्डशीट हवी होती. गावातल्या दुकानात वह्या, खडू आणि शाम्पूच्या पुड्या मिळतात. जाड कागद म्हणाल तर पुठ्ठ्याचे खोके. तेव्हा नातवाची नजर टीव्हीच्या मागं खोचलेल्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर गेली. यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात लग्न नाही, म्हणून सगळ्या वधुपित्यांनी एप्रिल आणि अर्ध्या मेमध्येच मंडप घालायचं ठरवलेलं. पत्रिका येतच होत्या. सोनेरी, पोपटी, मोरपंखी, मखमल चिकटवलेल्या, आणि इतक्या जाड की कार्डशीटनं लाजावं. त्यात माझ्या डेपोतल्या जोडीदार ड्रायव्हरच्या मुलीचीही होती, निळी, चकचकीत. ती त्यानं खास माणूस पाठवून पोचवली होती. कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं आमंत्रण मी रागानं पुसून टाकलं आणि त्याला फोन करून सुनावलं होतं की छापील पत्रिकेशिवाय माझ्या लेखी लग्नच नाही.

नातवानं निळीपासूनच सुरुवात केली.

सौ.ची अट एकच : गणपतीला कात्री लागता कामा नये. विदर्भात काय, अख्ख्या महाराष्ट्रात असं घर सापडणार नाही जिथं पत्रिकेवरचा गणपती कचऱ्यात जातो. आधी सगळे गणपती अलगद कापून काढले आणि देवघरात रांगेनं बसवले. पत्रिकेतली सगळ्यात जाड, सगळ्यात मजबूत जागा नेमकी त्यांचीच. उरलेल्या कागदाच्या दोन-दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या. त्या आडव्या-उभ्या एकमेकींत गुंफून तळ करायचा आणि चारी बाजूंनी टोकं वर मोडून उभी करायची. बाई हे सगळं हसत हसत करत होती. तिच्या खोलीत कूलर नव्हता.

आमच्याकडं तो होता. एप्रिलातला विदर्भ ज्याला ठाऊक आहे, तो कूलर बंद करायला सांगणार नाही. चालू केला की पट्ट्या उडून न्हाणीघरापर्यंत जायच्या आणि फेविकॉल वाळायचा नाही. बंद केला की फेविकॉल बोटावरच वाळायचा आणि घामाची धार नेमकी मखमलीवर पडायची. शेवटी तह झाला : सौ.नं कूलरकडं पाठ करून बसायचं आणि तिच्या आडोशाला मी विणायचं. तिथून ती सूचनाही देऊ शकत होती.

तळ जमला, खोटं कशाला बोलू. गंमत अशी की, एक पट्टी वर आणि एक खाली करता करता लग्नं नव्यानं जुळायला लागली. वरुडच्या चि.च्या शेजारी अकोटच्या चि. सौ. कां. येऊन बसल्या. कोणाचे आजोबा कोणाच्या मामांवर चढले. एक पीएच.डी. झालेला नवरदेव पार तळात गेला आणि त्याची नुसती डिग्री वर राहिली. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ ही बालगोपाळांची ओळ काठाला आली, तर ‘कृपया आहेर आणू नये’ ही टोपलीच्या आत, म्हणजे जिथं आहेर ठेवायचा तिथंच.

घोळ झाला तो भिंती चढवताना. बाई एक लांबलचक पट्टी जोडून ती उभ्या पट्ट्यांतून गोल गोल फिरवत होती. मी फिरवली. एक फेरा पुरा झाला आणि दुसऱ्या फेऱ्यात पट्टी पुन्हा जिथून वर गेली तिथूनच वर, जिथून खाली गेली तिथूनच खाली. वीण बसेचना. हात काढला की सगळा संसार खाली घसरायचा.

तेवढ्यात बुरूडकाम करणारे शेजारचे काका सुपारी मागायला आले. त्यांनी सुपारी तोंडात टाकली, खाली बसले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. कारागिराचं असं पाहणं फार लागतं.

“कंडक्टर साहेब, उभ्या पट्ट्या मोजल्या का?”

“चोवीस हायेत.”

“बेकी झाली न मंग. टोपल्याले एकी लागते. आमी बेकी आली की एका कामटीले मधून चिरतो.”

त्यांनी कात्री मागितली आणि कोपऱ्यातली एक उभी पट्टी मधोमध चिरली. चोवीसाच्या झाल्या पंचवीस. आता पहिल्या फेऱ्यात पट्टी जिच्यावरून गेली, दुसऱ्या फेऱ्यात तिच्याखालून जायला लागली आणि वीण कुलूप घातल्यागत बसली. सगळा माल जोडप्यांचा, आणि वीण अडली होती एकीवाचून! पट्टी चिरली गेली ती मात्र नेमकी ‘शुभविवाह’ लिहिलेली. ते सौ.ला खटकलं. तिनं तिथं हळदीचं बोट लावलं.

काका मग उठायलाच तयार नाहीत. बांबू भिजवला की वळतो, ह्या कागदाले पाणीच चालत नाही, हे कायचं सामान, असं पुटपुटत त्यांनी काठही बांधून दिला. मी म्हटलं, आता बांबू तुम्हाला सोपा झाला असेल. 1927 च्या वन कायद्यात तो झाडांत मोजला जायचा, 2017 मध्ये त्याला झाडांच्या यादीतून काढलं. काका म्हणाले, “यादीतून निघाला, पन भावातून नाही निघाला.” त्यांचा खरा राग प्लॅस्टिकच्या घमेल्यांवर. मोहफुलं वेचायलाही आता लोक घमेलं नेतात. सूप आणि टोपली लग्नाच्या रुखवतापुरती उरली, म्हणून काका ह्याच पत्रिकांकडं वर्षभर डोळे लावून असतात. त्यांच्या धंद्याची पुढची दोन महिन्यांची यादी मी कात्रीनं कापली होती, पण ते काही बोलले नाहीत. सुपारी मात्र आणखी घेतली.

अंडी मागच्या अंगणात, विटांच्या चुलीवर उकडली. हनुमान जयंतीचा भंडारा कालच झालेला, त्यामुळे स्वयंपाकघरात सौ.नं प्रवेश दिला नाही. कांद्याच्या सालीत तांबूस झाली, हळदीत पिवळी, आणि रंगपंचमीच्या उरलेल्या पळसफुलांत केशरी. खाली अंथरायला गवत हवं होतं. ते कूलरच्या जुन्या ताटीतून काढलं. टोपली शाळेत गेली, मॅडमना इतकी आवडली की त्यांनी ती ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवून घेतली.

एप्रिलच्या शेवटी सकाळी आम्ही सगळे नवे कपडे घालून जीपमध्ये बसलो. ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न. मुलानं विचारलं, “आबाजी, कार्यालय कोनतं?”

मूर्तिजापूरला, एवढं ठाऊक होतं. कार्यालयाचं नाव पत्रिकेत होतं आणि पत्रिका काचेच्या कपाटात होती. ड्रायव्हरला फोन करायची सोय नव्हती. छापील पत्रिकेसाठी ज्यानं त्याला झापलं, त्यानं कोणत्या तोंडानं विचारावं, कुठं उतरू? जन्मभर थांबा आला की मी घंटी मारली आणि त्यानं गाडी थांबवली. आता मलाच माझा थांबा ठाऊक नाही हे त्याला कळलं असतं, तर सगळ्या डेपोला कळलं असतं. मग सूनबाईनं शाळेत फोन लावला.

“मॅडम, टोपलीत निळी पट्टी पाहा. कार्यालयाचं नाव आहे त्यात.”

“हो, दिसतंय... ‘मंगल’ आहे. मग पट्टी खाली गेली. मग ‘च्या बाजूला’.”

“कशाच्या बाजूला?”

“ते दुसऱ्या पट्टीखाली आहे. त्यावर कोणाची तरी बी.एड. आलीय. उचकटून पाहू का?”

“नका मॅडम!” नातू मागच्या सीटवरून किंचाळला. “टोपली सुटंल!”

“मुहूर्त पूर्ण दिसतोय बरं का. 11 वाजून 37 मिनिटं.”

घड्याळात पावणेअकरा झाले होते. पण आमच्याकडं 11 वाजून 37 मिनिटांचं लग्न अडीचला लागतं, त्यामुळे त्याची काळजी नव्हती. मुलानं जीप सुरू केली आणि कोणत्या रस्त्यानं घेऊ म्हणून माझ्याकडं पाहिलं. सौ.नं पदर सावरला.

“तू मूर्तिजापूरले तं ने. मंग जिकडून डीजे आयकू येईल थिकडं वळव.”