मरीयेला येशूने दटावले कुठे?

ईस्टर जवळ आला की नागपुरातल्या ख्रिस्ती व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्यात म्हणे, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात येशूची शिष्या मरीया मग्दालीया त्याच्या रिकाम्या कबरेपाशी रडत होती, कारण तिचा विश्वास कमी पडला, येशूने "बाई, का रडतेस?" म्हणून तिला फटकारले, अश्रूंमुळे तिला तो ओळखूही आला नाही, आणि ती पापी म्हणून त्याने स्पर्श करू दिला नाही. तात्पर्य काय, तर विश्वासणाऱ्याने मयतीत रडू नये. जरीपटक्याच्या दफनभूमीत पेटी खाली उतरत असते, बायको मुठीत माती घेऊन उभी असते, आणि कुणीतरी तिच्या कानाशी लागते, "ताई, आवरा, साक्ष बिघडते", म्हणजे लोकांपुढे विश्वासाला कमीपणा येतो. हे असल्या मेसेजांमुळेच होते.

फटकारले म्हणता? तोच प्रश्न आधी दोन देवदूतांनी विचारला. तिने सरळ सांगितले, माझ्या प्रभूला नेले, कुठे ठेवले ठाऊक नाही. येशूने पुन्हा तेच विचारले आणि पुढे, "कोणाला शोधतेस?" त्याला माळी समजून ती म्हणते, तुम्ही नेले असेल तर सांगा, मी घेऊन जाईन. एकटी बाई प्रेत उचलून नेणार होती! हे सगळे त्याने तिला बोलू दिले, मग फक्त नावाने हाक मारली. आपल्याकडे मयतीला आलेली मावशी "काहून रडून रायली वं?" म्हणते आणि स्वतःच पदर डोळ्याला लावते, त्याला कोणी दटावणे म्हणत नाही. शिवाय पेत्र आणि दुसरा शिष्य कबर पाहून घरी गेले होते. रडत का होईना, थांबली ती मरीया.

ओळखले नाही, हे खरे. पण पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघे शिष्य त्याच्याशी बोलत चालले होते, त्यांनीही ओळखले नाही. तळ्यावर मासे धरणाऱ्या शिष्यांनीही नाही, आणि ते काही रडत नव्हते.

"मला शिवू नकोस" याचे कारण त्याच वचनात आहे: मी अजून पित्याकडे वर गेलो नाही. पापाचा विषयच नाही. मत्तयाच्या 28व्या अध्यायात तर स्त्रिया त्याचे पाय धरतात, त्यांत हीच मरीया आहे. तिला पापी बाई ठरवले ते पोप ग्रेगरी यांच्या सन 591च्या प्रवचनाने. त्यांनी तिला लूकच्या 7व्या अध्यायातली पापी स्त्री मानले, पण ती स्त्री तिथे निनावी आहे. उलट पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगायला येशूने हिलाच धाडले.

आता तात्पर्य. मेलेल्या लाजराला आपण जिवंत उठवणार हे माहीत असूनही येशू रडला. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, त्याला पुरताना भक्तिमान माणसांनी मोठा शोक केला. प्रेषित पौलाच्या पत्रातले "खेद करू नये" हे अर्धेच वचन पाठवतात. "ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा" हा भाग गाळतात.

एक मात्र कबूल. नाईन गावच्या विधवेला, मुलाची प्रेतयात्रा चालली असताना, येशू "रडू नकोस" म्हणाला होता. पण तिचा कळवळा येऊन म्हणाला, आणि लगेच तिचा मुलगा जिवंत करून तिच्या हवाली केला. तेवढे ज्याला जमेल त्याने जरीपटक्यात खुशाल म्हणावे.