मोरियासूंची मान

ऑक्टोबर २०२१. जेवणाच्या सुट्टीत माझ्या जपानी सहकाऱ्याने बेंतोचं झाकण बाजूला ठेवलं, स्वतःच्या गळ्यावर हाताची कड टेकवली आणि म्हणाला, "कुबी." कुबी म्हणजे मान. इथे जपानात नोकरी गेली की मान गेली म्हणतात. ही मान होती मोरियासू हाजिमे यांची, जपानच्या फुटबॉल प्रशिक्षकाची. वर्ल्ड कप पात्रतेच्या शेवटच्या फेरीतल्या पहिल्या तीन सामन्यांत दोन पराभव, त्यातला एक घरच्या मैदानावर, तोही ओमानकडून. पुढच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाला हरवलं म्हणून मान राहिली. त्या दिवशी राष्ट्रगीताच्या वेळीच त्यांचे डोळे भरले होते.

हे आठवलं ते आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळे. १४ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्यात भारत सिंगापूरकडून १-२ हरला आणि आशियाई कपची वाट बंद झाली. लगेच सुरू: देशी कोच झेपत नाही, गोराच आणा. ऑगस्टमध्ये खालिद जमील भारताचे कोच म्हणून आले तेव्हा हीच मंडळी 'गोरे पुरे झाले' म्हणत होती. त्याच दिवशी तोक्योत मोरियासूंच्या संघाने ०-२ वरून ब्राझीलला ३-२ हरवलं, जपानने पहिल्यांदाच. त्यावर भावोजींचा मेसेज: "जपान्यांचा संयमच वेगळा हो."

संयम कसला डोंबलाचा! शिव्या इथेही तेवढ्याच पडतात, फक्त हळू आवाजात.

आणि देशी-विदेशी म्हणाल तर मोरियासूंना घडवणारा माणूस डच होता. नागासाकीत वाढलेला मोरियासू नावाचा मुलगा १९८७ साली हिरोशिमात माझदा कंपनीच्या संघात आला. तो डच माणूस, हान्स ऑफ्ट, तेव्हा तिथे प्रशिक्षक होते. पुढे ऑफ्ट राष्ट्रीय प्रशिक्षक झाले आणि १९९२ मध्ये त्यांनी या फारशा कुणाला माहीत नसलेल्या मिडफिल्डरला थेट अर्जेंटिनासमोर उतरवलं. पुढच्याच वर्षी कतारमधल्या दोहात वर्ल्ड कपची पात्रता हातातोंडाशी आली असताना इराकने अगदी शेवटी बरोबरी केली आणि ती हुकली. जपानी त्याला 'दोहाची शोकांतिका' म्हणतात. मोरियासू त्या वेळी मैदानावर होते. २०२२ मध्ये कतारलाच जर्मनी आणि स्पेनला हरवणारा संघ त्यांचाच. स्पेनविरुद्ध शेवटच्या मिनिटाला दोहा आठवलं, असं ते नंतर म्हणाले.

मला मात्र मधली वर्षं महत्त्वाची वाटतात. माझदाचा तो संघ सानफ्रेचे हिरोशिमा झाला, आणि प्रशिक्षक म्हणून मोरियासू तिथेच परतले. २०१२, २०१३, २०१५, जपानी लीगची तीन विजेतेपदं. २०१७ च्या जुलैत संघ तळाला रुतला, ते बाहेर पडले. ऑक्टोबरमध्ये जपानच्या फुटबॉल संघटनेने त्यांच्याकडे ऑलिंपिकचा संघ दिला! आपल्याकडे कुणी दिला असता?

खालिद जमील यांना मी पुण्यात बालेवाडीला पाहिलंय, जवळजवळ रिकाम्या स्टँडसमोर मुंबई एफसीला ओरडून सूचना देताना. सात वर्षं होते ते त्या क्लबात. २०१७ मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला त्यांनी आय-लीग ही देशपातळीवरची स्पर्धा जिंकून दिली, म्हणजे माणसात काही कमी नाही.

ब्राझीलच्या सामन्यानंतर त्या सहकाऱ्याने विचारलं, तुमचा कोच कुठल्या क्लबात तयार झाला? म्हटलं, मुंबई एफसी.

"आता कुठल्या डिव्हिजनला आहे?"

"बंद पडला."

त्याने दोनदा विचारलं. त्याला वाटलं, माझं जपानी चुकलं.