गाडीले बी थंडी वाजस का?

खान्देशी माणसाला उन्हाचे काही सांगू नये. जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या वर गेल्याची बातमी आम्ही पाहुण्यांना जवळजवळ अभिमानाने वाचून दाखवतो. थंडीच्या बाबतीत मात्र आमचा सगळा कारभार एका कानटोपीवर चालतो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात 6 अंशांची नोंद झाली की शहर शेकोटीभोवती बसते आणि ऊन अंगणात उतरेपर्यंत उठत नाही. अशा या गावात, देवपुराच्या टोकाला असलेल्या आमच्या घरी, जावईबापूंची प्लग-इन हायब्रिड गाडी मुक्कामाला आली.

जावईबापूंना त्यांच्या कंपनीने कॅनडातल्या विनिपेगला पाठवले. जाताना ते एवढेच म्हणाले, “मामा, गाडी नुसती उभी ठेवू नका, रोज थोडी फिरवत जा.” जावयाची वस्तू सांभाळणे हे जावयाला सांभाळण्यापेक्षा अवघड असते, कारण जावई निदान काय हवे-नको ते बोलून दाखवतो. या गाडीत पेट्रोलचे इंजिन आहे आणि घरच्या वीजजोडणीवर भरता येणारी बॅटरीही आहे. गावातली कामे विजेवर करावीत आणि लांबच्या प्रवासाला पेट्रोल वापरावे, अशी त्यामागची कल्पना. दिवाळीपर्यंत ती पूर्ण भरली की पडद्यावर 45 किलोमीटरचा आकडा दाखवीत असे. कडाका पडल्यावर एका सकाळी तिने रात्रभर वीज पिऊन 31 दाखवले.

शेजारचे आप्पा दात घासता घासता हे पाहत होते. “काय भो, गाडीले बी थंडी वाजस का?” असे त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता घरातून जुनी गोधडी आणून बॉनेटवर पांघरली. गोधडी माणसाला ऊब देते, कारण ती ऊब मुळात माणसाचीच असते, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत स्वतःची ऊब नसतेच, असे मी त्यांना समजावले. तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. या लिथियम-आयन बॅटरीसाठी 2019 साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आणि त्यांपैकी जॉन गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते, हेही मी सांगून टाकले. आप्पांनी त्यातून एवढाच अर्थ काढला की बनवणारा सत्त्याण्णवाव्या वर्षी ठणठणीत आणि त्याची बॅटरी तिसऱ्याच हिवाळ्यात कुंथते.

घरात सौ.चा संशय वेगळाच होता. वीज कोणीतरी काढून घेतो, असे तिचे ठाम मत झाले होते. तेव्हा मी तिला न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली दाखवली. तेल बाटलीत पुरेपूर आहे, पण थिजल्यामुळे हातावर येत नाही, तसेच काहीसे बॅटरीचे होते. तिच्यातला द्रव काही गोठत नाही, पण थंडीत दाट होतो आणि त्यातून ये-जा करणारे लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, रेंगाळू लागतात. अंतर्गत रोध वाढतो, जोर लावला की विजेचा दाब (व्होल्टेज) खाली बसतो आणि साठवलेली वीज जागच्या जागी असूनही पूर्ण हाताशी येत नाही. सौ.ने बाटली उन्हात ठेवली आणि ‘मग गाडीही उन्हातच ठेवा’ असा निकाल दिला, जो शास्त्रीयदृष्ट्या चूक नव्हता.

खरे पाहता धुळ्याच्या थंडीत या रसायनाचा दोष थोडा आणि आमच्या हीटरचा जास्त, असे माझे मत झाले आहे. पेट्रोलचे इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वायाच घालवते, म्हणून साध्या गाडीतला हीटर फुकटात चालतो. विजेच्या मोटारीत असा वाया जाणारा माल फारसा नसतो, त्यामुळे ऊब हवी असेल तर ती बॅटरी खर्चूनच मिळते. त्यातून पूर्ण विजेवरच्या गाडीपेक्षा प्लग-इनची बॅटरी बरीच लहान, म्हणजे घर छोटे आणि पाहुणा खादाड. आसन गरम करण्याची सोय कमी विजेत होते, पण सौ.ला पाठीबरोबर नाकालाही ऊब लागते. शिवाय काचेवर वाफ धरली म्हणून ती घालवण्याचे बटण दाबावे, तर बॅटरी भरलेली असतानाही इंजिन गुरगुरत सुरू होते. ही विजेवर चालते, असे मी ज्यांना ज्यांना सांगितले होते, ते सगळे नेमके त्याच वेळी फाटकाशी उभे असतात.

चौकात ब्रेक दाबला की चाकांची गती वीज होऊन परत बॅटरीत जाते, हे या गाडीचे मोठे भूषण. पण गारठलेली बॅटरी तो परतावा नीट स्वीकारत नाही, आणि रात्री काठोकाठ भरलेली असेल तर तिच्यात जागाही नसते.

यावर जावईबापूंचा फोनवरून उपाय आला तो असा की गाडी वीजजोडणीला असतानाच निघण्यापूर्वी आतून गरम करून घ्यावी, म्हणजे तो खर्च बॅटरीवर पडत नाही. उपाय अगदी रास्त आहे. अडचण एवढीच की आमच्याकडे गाडी आणि गिझर एकाच तारेवर आहेत आणि दोन्ही एकदम लावले की मीटरजवळचा खटका पडतो. आधी गाडी गरम करायची की आईच्या अंघोळीचे पाणी, हा प्रश्न रोज पहाटे उभा राहतो. आई ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण गाडी जावयाची आहे. पहिल्या वादात आईंनी, “जावयाच्या मोटारीला घाला आधी अंघोळ,” असे म्हणून जो अबोला धरला तो संकष्टीला सुटला.

ही कैफियत जावईबापूंना सांगावी तर ते उणे तीस अंशांत उभे असतात. विनिपेगमध्ये साध्या पेट्रोलच्या गाड्यांनासुद्धा रात्री इंजिन ऊबदार ठेवण्यासाठी वीज जोडतात आणि वाहनतळावर त्यासाठी सॉकेट बसवलेले असतात. शून्याखाली बॅटरी जोरात भरली तर लिथियम बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडच्या आत शिरण्याऐवजी त्यावर धातूचा थर होऊन बसते आणि बॅटरीचे कायमचे नुकसान होते, म्हणून गाडीच भरण्याचा वेग आवरते, असे त्यांनी सांगितले. “तुमच्या सहा अंशांत तिला काही होत नाही, मामा,” हे ऐकून सौ.ने कानटोपी घट्ट केली. सातपुड्यात डाब गावाकडे दव गोठल्याची बातमी आली, तेव्हा तिकडे जाऊन बघू या, असे मी सुचवले होते; तिने माझ्याकडे नुसते पाहिले.

आमच्याकडे दुपारी पारा तिशीला टेकतो आणि तीच गाडी शहाण्यासारखी चालते. त्यामुळे बाजार, बँक, एकविरेचे दर्शन असे सगळे आता एकच्या पुढे गेले आहे, आणि देवी व बँक दोन्ही जेवणाच्या सुट्टीत सापडतात. तेवढ्यात जावईबापूंचा नवा निरोप आला की थंडी बॅटरीला फक्त अडवते, पण कडक ऊन तिचे आयुष्य कायमचे कमी करते, तेव्हा उन्हाळ्यात गाडी सावलीत हवी. आमच्या बाजूला दाट सावली आहे ती आप्पांच्या अंगणातल्या निंबाची. आठवड्याच्या बाजाराला गाडीने नेण्याच्या अटीवर त्यांनी जागा कबूल केली आहे. तिथे बांधलेल्या म्हशीला हे अजून कोणी सांगितलेले नाही.