भट्टीत किरणोत्सर्ग जळत नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. ‘भंगारातल्या किरणोत्सर्गाचा उगाच बाऊ करतात. असला धातू चमकतो, भंगारवाल्याच्या लगेच लक्षात येतो. त्याच्या हातून सुटलाच तर कारखान्याच्या गेटवर किरण मोजणारा डिटेक्टर पकडतो. तिथूनही निसटला तरी १६०० अंशांच्या भट्टीत सगळं जळून खाक!’

शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करू, कारण सगळी भिस्त त्याच्यावरच आहे. किरणोत्सर्ग अणूच्या केंद्रातून येतो, आणि भट्टीची उष्णता त्या केंद्राचं काहीही वाकडं करू शकत नाही. भंगारात जाणाऱ्या यंत्रांमध्ये सापडणारे दोन किरणोत्सर्गी पदार्थ घ्या: कोबाल्ट-६०चा किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला सव्वापाच वर्षं लागतात, सिझियम-१३७चा यायला तीस. वितळवा, ओता, लाटा, हा हिशेब तोच राहतो. ठरतं ते एवढंच, की तो पदार्थ भट्टीतून कुठल्या वाटेने बाहेर पडणार. कोबाल्ट पोलादात मिसळतो आणि थेट सळईत उतरतो. सिझियम वाफ होऊन धुराबरोबर निघतं आणि फिल्टरच्या धुळीत साठतं. रेडियम, अमेरिशियम हे आणखी दोन किरणोत्सर्गी पदार्थ वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या मळीत (स्लॅगमध्ये) जातात.

मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझमध्ये कर्करोगावरच्या उपचारांचं जुनं यंत्र भंगारात गेलं. त्यातल्या कोबाल्टच्या हजारो बारीक गोळ्या भंगारात मिसळल्या आणि त्या भंगारापासून सळया, टेबलांचे पाय तयार होऊन बाजारात गेले. हे उघडकीला आलं ते निव्वळ योगायोगाने. जानेवारी १९८४मध्ये सळयांचा एक ट्रक अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या अणुसंशोधन प्रयोगशाळेपाशी वाट चुकला आणि तिथला डिटेक्टर वाजला. वाट चुकला नसता तर?

आता गेटवरचा डिटेक्टर. तो असावाच, आणि पुष्कळदा पकडतोही. पण यंत्रांतले हे किरणोत्सर्गी तुकडे, म्हणजे ‘स्रोत’, शिशाच्या किंवा टंगस्टनच्या जाड कवचात असतात. असं बंद कवच गाडीच्या मधोमध आणि भोवती कित्येक टन लोखंड असेल, तर बाहेर पोचणारे किरण आसपास नेहमीच असणाऱ्या नैसर्गिक किरणांत हरवून जातात. मे १९९८मध्ये स्पेनच्या असेरिनॉक्स या पोलाद कारखान्यात सिझियमचा स्रोत तपासणी यंत्रांना चकवून भट्टीत गेला. चिमणीतून बाहेर पडलेलं सिझियम फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, जर्मनीच्या हवेत मोजलं गेलं.

राहिली चमक. इथे मेसेजात तिळभर तथ्य आहे, आणि नेमकं तेच घातक आहे. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली बंद पडलेल्या दवाखान्यातल्या यंत्रातून निघालेली सिझियम क्लोराइडची पूड अंधारात निळसर चमकत होती. त्यामुळे सावध कोणी झालं नाही. उलट अप्रूप म्हणून लोकांनी ती घरी नेली, अंगाला लावली. चार जण दगावले, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात ती पूड सापडली. कोबाल्टचं तर रूपच साध्या धातूसारखं. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली विद्यापीठाच्या लिलावातून आलेलं उपकरण फोडलं गेलं, तेव्हा त्यातला तुकडा एका दुकानदाराने चक्क पाकिटात ठेवला होता. त्या प्रकरणात एकाचा जीव गेला. शिवाय भंगारवाल्याच्या नजरेत भरतं ते शिसं, कारण पैसे त्याचे येतात. म्हणजे ज्या कवचामुळे सगळे सुरक्षित असतात, तेच आधी कापलं जातं.

‘उगाच बाऊ’ हा सूर मात्र एका बाबतीत मान्य. किरण लागलेलं साधं लोखंड किंवा माणूस त्यामुळे किरणोत्सर्गी होत नाही. पूड किंवा तुकडा चिकटला असेल, किंवा कोबाल्टसारखा वितळताना आत मिसळला असेल, तरच प्रश्न. त्यामुळे घाबरून घरातली स्टीलची भांडी सरसकट फेकून देण्याचं काहीच कारण नाही. आकाराच्या मानाने भलतीच जड, जाड भिंतींची डबी दिसली किंवा किरणोत्सर्गाचं तीन पात्यांचं चिन्ह दिसलं, तर कटर लावायचा नाही, लांब व्हायचं आणि अधिकाऱ्यांना कळवायचं.

आणि गेटवर अलार्म वाजला की ‘माल परत घेऊन जा’ म्हणून गाडी पिटाळणं, हा सगळ्यात वाईट उपाय. तो स्रोत मग दुसऱ्या, डिटेक्टर नसलेल्या गेटातून आत जातो. असेरिनॉक्सनंतर स्पेनने १९९९मध्ये कारखान्यांशी करार केला, त्यात अशा सापडलेल्या मालाची विल्हेवाट सरकारी अणुकचरा कंपनीकडे दिली.