वॉल्टर गीकीला कुणी तुरुंगात टाकलं?

कर्णबधिर चित्रकारांबद्दलचा एक मजकूर सतत फिरत असतो: ‘देव एक इंद्रिय काढून घेतो, तेव्हा दुसरं दुपटीने देतो. शांततेच्या तुरुंगात एकाकी जगणाऱ्या या माणसांची चित्र हीच एकमेव भाषा.’ माझी भाची कर्णबधिर आहे. दर वाढदिवसाला कुणी ना कुणी तिला रंगपेटी आणतं. तिला आवडतं गणित! म्हणून हे उत्तर लिहितोय, स्कॉटलंडमधल्या एडिनबरो शहराच्या वॉल्टर गीकी या कर्णबधिर चित्रकाराला (१७९५-१८३७) साक्षीला ठेवून.

‘एकाकी’ म्हणे. दोन वर्षांचा व्हायच्या आत तापाने गीकीचं ऐकू येणं गेलं, पण त्याने आयुष्यभर काढली ती बाजारातली माणसं. एडिनबरोच्या ग्रासमार्केट या बाजारातल्या एका हमालाचा चेहरामोहरा त्याला इतका आवडला, की तो कागद घेऊन त्याच्या मागेच लागला. हमालाच्या ते लक्षात आलं आणि तो चिडून अंगावर धावला. गीकी पळाला, एका इमारतीच्या जिन्यात शिरला आणि खाली थयथयाट करणाऱ्या त्या हमालाचं चित्र त्याने वरच्या खिडकीतून पुरं केलं. असा माणूस तुरुंगात असतो का?

‘चित्र हीच भाषा’ हे तर मला सगळ्यात जास्त लागतं. गीकी लिहा-वाचायला वडिलांकडून शिकला. एडिनबरोतल्या कर्णबधिरांची प्रार्थनासभा उभी करणाऱ्यांत तो होता आणि तिथे खुणांच्या भाषेत प्रवचनं करायचा. हातांनी प्रवचन करणाऱ्याला मुका कसं म्हणायचं?

राहिली दैवी भरपाई. या शहरात टॉमस ब्रेडवूडने १७६० मध्येच कर्णबधिर मुलांना शिकवायला सुरुवात केली होती. पुढे गीकीही ब्रेडवूड घराण्याच्याच शाळेत गेला, नंतर ट्रस्टीज अकॅडमी या कलाशाळेत चित्रकला शिकला. १८३४ मध्ये स्कॉटिश अकॅडमी या चित्रकारांच्या संस्थेचा (पुढची रॉयल स्कॉटिश अकॅडमी) पूर्ण सभासद झाला. यामागे बाप आहे, शाळा आहे, घोटून केलेली मेहनत आहे. आणि दुपटीची नजर म्हणाल, तर रंगांची जाण हीच त्याची कच्ची बाजू मानली जाते. त्याचं नाव टिकलं ते एचिंगमुळे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून छापलेल्या चित्रांमुळे, नुसत्या रेषेवर.

भाचीला मी त्या हमालाची गोष्ट खुणांनी सांगितली. पुरी व्हायच्या आतच ती उठली, गाल फुगवले, मूठ उगारली आणि घरभर माझ्या मागे धावली.